पहिल्या फेरीचा प्याला

दरवर्षी उपवासकाळ लागला की मी राग सोडायचं ठरवते. आमच्या घरात ईस्टरपर्यंत प्रत्येकजण काहीतरी सोडतो. सून चहा सोडते आणि दोन दिवसांत डोकं धरून बसते. मुलगा मटण सोडतो, पण अंडी त्यात धरत नाही. मी राग सोडते आणि पहिल्याच रविवारी चर्चमधून परतताना तो रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसलेला असतो. इंदिरानगरपर्यंत आम्ही दोघं मुकाट्याने येतो.

यंदा तर रविवारचीही वाट बघावी लागली नाही. उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, उपासना संपली आणि कमिटीचा तरुण सेक्रेटरी माझ्याकडे आला. चांगला पोरगा आहे, वाकून सलाम करतो. म्हणाला, "बाई, आपला जुना चांदीचा प्याला आहे ना, प्रभुभोजनाचा, त्याच्यासाठी काचेचं कपाट करतोय. आत लाइट पण बसवतोय. ईस्टरला उद्घाटन. तुमच्या आई तो सांभाळायच्या म्हणे. मग कपाटात ठेवण्याआधी तुम्हीच एकदा घासून द्या. आणि दोन शब्द बोला, आपली जुनी मंडळी एका प्याल्यातून कशी प्यायची, ती एकी, ते प्रेम, असं काहीतरी."

"बोलेन की," मी म्हटलं.

तो खूश होऊन गेला. आता प्याला माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे, जुन्या फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला. खाली रस्त्यावर द्राक्षांची गाडी उभी आहे. नाशकात द्राक्षं आणि उपवासकाळ बरोबरच येतात, आणि गाडीवरच्या काळ्या घडांचा वास आला की मला एकच वर्ष आठवतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि जग आपलं ऐकेल अशी माझी समजूत होती.

मिशनच्या आवारात आमचं कौलारू घर होतं. चर्च अगदी हाकेच्या अंतरावर. प्रभुभोजनाची भांडी धुवायचं काम आईकडे होतं, तिच्याआधी तिच्या सासूकडे. तिचे नियम कडक. प्याला दातांच्या पांढऱ्या पावडरीने घासायचा, चिंच लावायची नाही. आणि धुतलेलं पाणी मोरीत टाकायचं नाही, ओट्याजवळच्या जाईच्या बुंध्याशी ओतायचं. बाप्तिस्म्याच्या कुंडातलं पाणीही तिथेच जायचं. "ज्याच्यावर देवाचं नाव घेतलं ते गटारात कसं सोडायचं?" असं ती म्हणायची. ती जाई त्या पाण्यावर काय माजली होती म्हणून सांगू. संध्याकाळी आवारातल्या सगळ्या पोरी गजरे करायला आमच्याच ओट्यावर असायच्या.

प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून त्या प्याल्यातून अख्खी मंडळी द्राक्षाचा रस प्यायची. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, पाळकसाहेब एकेकाच्या ओठाशी प्याला धरायचे, फडक्याने कड पुसायचे आणि पुढे सरकायचे. पेत्रसकाका नावाचे एक म्हातारे होते, क्षयाने खंगलेले. उपदेश चालू असताना त्यांचा खोकला कुठल्या वाक्याला येणार हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ते वर्षानुवर्षं पुढच्या बाकावरून उठून सगळ्यांच्या आधी प्यायचे आणि त्यांच्यामागून सगळे प्यायचे. कुणी कधी हूं की चूं केलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

भागीरथी सायखेड्याकडची. नवरा वारलेला, पदरात एक लहान मुलगी, शांता. शांता आजारी पडली म्हणून ती नाशकात दवाखान्यात येऊन राहिली होती. आई दर गुरुवारी तिथल्या आजाऱ्यांना भेटायला जायची, तिथे दोघींची ओळख झाली. पोर बरी झाली, पण भागीरथी परत गेली नाही. शहराबाहेरच्या एका द्राक्षबागेत कामाला लागली आणि रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसू लागली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आई तिला ओट्यावर बसवून ओळ न् ओळ पाठ करून घ्यायची. असं दोन वर्षं चाललं. मग पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्यासाठी मार्था हे नाव सुचवलं, तर ही म्हणाली, "नाव कशाला बदलू? देव मला याच नावानं वळखतो. दुसऱ्या नावानं हाक मारली तर माझंच ध्यान जायचं नाय."

नाताळच्या आधीच्या रविवारी तिचा बाप्तिस्मा झाला. नाशकातली डिसेंबरची सकाळ, कुंडातलं पाणी इतकं गार की पाळकसाहेबांनीच हात झटकला. आई तिची धर्ममाता म्हणून शेजारी उभी होती. आधी भागीरथीला प्रश्न विचारले, तिने खणखणीत उत्तरं दिली. मग पाळकसाहेब आमच्याकडे वळले. ही बहीण आजपासून तुमच्या घरातली, तिला तुम्ही आपली म्हणणार का, असं त्यांनी विचारलं. आणि सगळी मंडळी उभी राहून एका आवाजात होय म्हणाली. सॉलोमनमामांचा आवाज सगळ्यांत मोठा. ते कमिटीचे अध्यक्ष, सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, अख्ख्या आवाराचे मामा. तो होय मी माझ्या कानांनी ऐकलाय, आणि आजही आठवला की तळपायाची आग मस्तकाला जाते.

बाप्तिस्म्याचं पाणी काय, टॉवेलने टिपलं की वाळतं. खरा प्रश्न सोमवारी सुरू होतो. भागीरथीने काय केलं ते सांगते. सायखेड्यात तिची जाऊ होती. घराच्या पत्र्यांवरून दोघींचं वाजलेलं, कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. नाताळ झाल्यावर ही बाई कामाचा खाडा करून एसटीने सायखेड्याला गेली आणि जावेच्या दारात जाऊन बसली. जावेने आधी शिव्या दिल्या, मग पाणी दिलं, मग दोघी रडल्या. आईने विचारलं, "कुणी सांगितलं होतं तुला जायला?"

"पाळकसाहेबच म्हणले ना, जुनं समदं धुतलं गेलं म्हणून," ती म्हणाली. "मंग जावेचं भांडण एकटंच कशाला ठिवू?"

आमच्या मंडळीत तेव्हा दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि दर रविवारी एक पेटी वाजवायचा, दुसरा तबला. बाप्तिस्मा त्यांचाही झालेला होता, पाळण्यात असताना.

प्रभुभोजनाचा रस घरीच करायची आमच्याकडे पद्धत होती. उपवासकाळ लागला की एक दिवस ठरवून मंडळीतल्या बायका आमच्या अंगणात जमायच्या. काळी, बियांची द्राक्षं घडावरून सोडवायची, धुवायची, मोठ्या पातेल्यात उकळायची, मलमलीच्या फडक्यातून गाळायची आणि गरम गरमच बाटल्यांत भरायची. त्या वर्षी द्राक्षं भागीरथीने आणली. मालकाकडून मागून घेतली आणि पाटीत कडुनिंबाचा पाला घालून डोक्यावरून वाहून आणली. तिचा हात असा झपाझप चालायचा की बाकीच्या बायका गप्पा मारत बसल्या आणि ती घडामागून घड रिकामा करत गेली. कोपरापर्यंत हात जांभळे. "अगं, तू होतीस म्हणून आज लवकर आवरलं," सॉलोमनमामी तिला म्हणाल्या. शांता सालपटं खाऊन तोंड रंगवून फिरत होती आणि आम्ही सगळ्या तिला हसत होतो. कुणीतरी पातेल्याकडे बघत पुटपुटलं, "उकळल्यावर सगळं शुद्धच होतं म्हणा." तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. त्या दुपारी मला खरंच वाटत होतं की ही आता आपली झाली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भागीरथी पहिल्यांदा प्रभुभोजनाला आली. कठड्याशी ओळीने आई, मी, भागीरथी आणि तिच्या पलीकडे सॉलोमनमामी. भागीरथी डोळे मिटून प्याली. पाळकसाहेबांनी कड पुसली आणि प्याला मामींच्या तोंडाशी नेला. मामींनी ओठ घट्ट मिटून घेतले. नुसता स्पर्श केला न केला आणि मान खाली घातली. त्यांच्या पलीकडच्या बाईंनीही तेच केलं, त्यांच्याही पलीकडच्या बाईंनी तेच. मी वाकून बघत होते म्हणून मला दिसलं. ज्या रसात तिचे कोपरापर्यंत हात होते तो रस यांना चालत होता. तिचे ओठ चालत नव्हते.

बाबा कमिटीत होते. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते मीटिंगवरून आले, कोट खुंटीला लावला आणि आईकडे न बघताच म्हणाले, "ईस्टरपासून काचेचे छोटे पेले आणायचं ठरलंय. ज्याला त्याला वेगळा. आरोग्याच्या दृष्टीने."

आई भाकरी थापत होती. "कुणाच्या आरोग्याच्या?"

"सगळ्यांच्याच."

"पेत्रसकाका खोकून खोकून अर्धे झाले, तेव्हा कुठे होतं हे आरोग्य?"

"त्यांची गोष्ट वेगळी आहे. जुनी माणसं." बाबांनी चपला काढायला उगाच वेळ लावला. "जुन्यांना सवय आहे, म्हणून पहिल्या फेरीला प्याला राहील. जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांसाठी. बाकीच्यांना दुसऱ्या फेरीला पेले."

म्हणजे बघा. क्षयाचा रोगी प्याल्यातून पिणार आणि ठणठणीत भागीरथी पेल्यातून, आणि याचं नाव आरोग्य. इतकं उघडंनागडं खोटं बोलायचं तर माणसाने थोडी अक्कल तरी वापरावी. यांना तेवढीही गरज वाटली नाही, कारण विचारणार होतं कोण?

"मंडळीत फूट पडायला नको, रिबेका," बाबा म्हणाले.

"मग त्या दिवशी होय कशाला म्हणालात?" आईने विचारलं. बाबा हातपाय धुवायला मोरीकडे गेले.

सॉलोमनमामांचे आजोबा दुष्काळात ज्या वस्तीतून उठून मिशनच्या दारात आले, ती वस्ती भागीरथीच्या वस्तीहून वेगळी नव्हती. गावाबाहेरचीच. माझे पणजोबाही तिथलेच. त्यांना गावच्या विहिरीला कुणी शिवू देत नव्हतं, म्हणून तर त्यांना त्या एका प्याल्याचं केवढं अप्रूप होतं. त्यासाठी त्यांनी घरदार, गणगोत सोडलं. आणि तिसऱ्या पिढीला अंगावर कोट आला, ऑफिसात खुर्ची मिळाली, तर यांना वाटायला लागलं की आपण जन्मलोच मुळी पुढच्या बाकावर. गावाने आपल्या आजोबांना जे केलं ते यांनी चर्चमध्ये केलं, देवासमोर, गुडघे टेकून. मला गावाचा राग येतो, पण यांचा जास्त येतो. गावाने निदान होय म्हटलं नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी पेले आले. लाकडी ट्रेमध्ये गोल भोकं आणि त्यांत बोटाएवढे चिमुकले पेले. आई ते धुवायला बसली तेव्हा भागीरथी आली, पदर खोचून शेजारी बसली. एकेक पेला उन्हात धरून बघत म्हणाली, "सणासाठी नवी भांडी? लय चांगली दिसत्यात, बाई." तिला वाटलं, सणाची तयारी आहे. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "उद्या बघू." भागीरथीने सगळे पेले पुसून लखलखीत केले आणि आपल्याच हाताने ट्रेमध्ये ओळीने लावले. ते आठवलं की माझं अजून डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या लावल्या, प्रभू उठला आहे, उठला आहे म्हणून गाणी म्हटली आणि चर्चमध्ये आलो. पहिल्या फेरीला पेत्रसकाका, सॉलोमनमामा, मामी, सगळे उठले. बाबाही उठले. आई उठली नाही. बाबांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि गेले. मग प्याला वेदीवर ठेवून पाळकसाहेबांनी ट्रे उचलला, तेव्हा आई, भागीरथी आणि मी जाऊन गुडघे टेकले. ट्रे आईसमोर आला. आईने हात पुढे केला नाही.

"पाळकसाहेब, प्याला."

"रिबेकाबाई, आपण नंतर बोलू," ते हळू आवाजात म्हणाले.

"नंतर कशाला? प्याला तिथेच आहे, अजून रस आहे त्यात. मीच भरलाय."

सगळं चर्च ऐकत होतं. भागीरथीचा हात पेल्याकडे गेला होता, तो थांबला. तिने आईकडे पाहिलं, मग वेदीवरच्या प्याल्याकडे, मग पुढच्या बाकावर तोंड पुसत बसलेल्या पेत्रसकाकांकडे. मी तिच्याकडे बघत होते. काय ते तिला कळायला वेळ लागला नाही. तिने हात मागे घेऊन पदरात धरला.

"ऱ्हाऊ द्या, पाळकसाहेब," ती म्हणाली. "मी थांबते. मला घाई नाय."

ती उठून गेली नाही. आई, ती आणि मी, आम्ही तिघी रिकाम्या हातांनी तिथेच गुडघ्यांवर राहिलो. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. ते एकदा वेदीवरच्या प्याल्याकडे वळलेही. पण ट्रे त्यांनी पुढे नेलाच.

मी तिला म्हटलं, सोड हे चर्च, आपण दुसरीकडे जाऊ. तिचा दीर भेटायला आला, त्यांची भावकी तोवर बौद्ध झालेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, तिथंबी रांगच हाय का? मंग आमच्यात या की." भागीरथी हसली. म्हणाली, "भाऊजी, रांग त्या मान्सांची हाय. माझ्या डोक्यावर पानी पडलं ते देवाच्या नावानं. ते त्यांनी दिलं नाय, त्यांना काढून घेता यायचं नाय." मला तिच्या या शांतपणाचाही राग यायचा. ती एकदा तरी चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन वेगळी राहायला गेले, पण रविवारी माहेरी यायचेच. भागीरथी आता आईशेजारी बसायची, आणि प्रभुभोजनाच्या वेळी दोघीही बाकावरून हलायच्या नाहीत. उपासना सुटली की आमच्या ओट्यावर यायच्या. आई एका मोठ्या कपात चहा करायची, आणि त्या एकाच कपातून दोघी आळीपाळीने प्यायच्या. "हे प्रभुभोजन नाही हं, नुसता चहा आहे," आई बजावायची. "साखर तरी दोघींना सारखीच लागती," भागीरथी म्हणायची. त्या ईस्टरपासून आई बाबांच्या ताटाशी बोटाएवढा औषधाचा ग्लास भरून पाणी ठेवायची. बाबांनी मोठा तांब्या मागितला की म्हणायची, "आरोग्याचं बघायला नको?" बाबांनी ते बरीच वर्षं सोसलं. मग एका रविवारी ते पहिल्या फेरीला उठलेच नाहीत, आणि घरी आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी हात पुढे केला. आईने कप त्यांच्या हातात दिला.

बाकी कुणी आलं नाही. पहिल्या फेरीची माणसं एकेक करून गेली, पेत्रसकाका, मामा, मामी. मग फेरीच उरली नाही, सगळ्यांना पेले आले आणि प्याला कपाटात गेला. अशी आमच्याकडे समानता आली. भागीरथी त्या प्याल्यातून आयुष्यात एकदाच प्याली आणि वाट बघत गेली. तिच्या पाठोपाठ आई गेली. आवारातून रस्ता गेला तेव्हा जाईही गेली.

आणि आता ते कपाटात लाइट लावणार.

काल शांता आली होती. शहरातल्याच एका कॉलनीत बौद्ध घरात दिलेली, आता तिलाही नातवंडं आहेत. ईस्टरच्या आधी आपल्या आईच्या कबरीला चुना लावायला ती दरवर्षी येते आणि माझ्याकडे चहा घेऊन जाते. टेबलावरचं फडकं उलगडून तिने विचारलं, "ताई, हाच का तो?"

मी तिला काचेच्या कपाटाचं सांगितलं. ती हसायला लागली. "लाइट पण लावणारेत? आईला कौतुक वाटलं असतं बघा. आणि तुमचा राग अजून तस्साच आहे."

मी उठले. दर द्राक्षांच्या दिवसांत मी अजूनही रसाची एक बाटली करते. फ्रिजमधून ती काढली, प्याला भरला, अर्धा प्यायले आणि तिच्यापुढे धरला. तिने हात पुढे केला नाही.

"मी तर विहारात जाते, ताई."

"जा की. हे प्रभुभोजन नाही, नुसता रस आहे."

तिने प्याला दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश, तळापर्यंत प्याली. मग पदराला तोंड पुसून मोरीकडे वळली. "द्या, धुऊन टाकते."

"राहू दे," मी म्हटलं. "ते पाणी ओतायचं कुठे? जाई आहे का आता?"

ईस्टरला बोलायचे ते दोन शब्द हेच, वर लिहिलेत तेवढे. आणि प्याला मी घासणार नाही. त्याच्या कडेवर माझ्या आणि शांताच्या ओठांची जांभळी खूण आहे, ती तशीच ठेवून मी तो फडक्यात गुंडाळून दिला की माझं काम झालं. आत लाइट आहेच, नीट दिसेल.